मंगलाजोडीहून

ती. आई-बाबांना सा. न.

आई, "अनोळखी माणसांबरोबर पहाटे पाण्यात कुठे हिंडतेस?" असं तू विचारलंस आणि नेमकी रेंज गेली. म्हणून सविस्तर लिहिते.

चिलिका सरोवराच्या उत्तर काठावरचं हे गाव, भुवनेश्वरपासून दीडेक तासावर. पुण्याच्या आमच्या पक्षी बघणाऱ्या ग्रुपमधल्या एकीने इथल्या एका काकांचा नंबर दिला होता. निवृत्त शिक्षक आहेत, बाबांच्याच वयाचे. ते काकूंना घेऊन आले, सोबत डब्यात घरचा छेनापोडा, म्हणजे इथली भाजलेल्या छेन्याची मिठाई. आता सांग, कसली काळजी?

नावाडीही त्यांच्याच माहितीतला. तरुणपणी तो इथले पक्षी मारून विकायचा. न विचारता स्वतःच सांगितलं त्याने. 2000 च्या सुमारास इथल्या शिकाऱ्यांनी शिकार सोडून महावीर पक्षी सुरक्षा समिती उभी केली. कोणत्या चरात पाणी किती उतरलं की पाणटिवळे, म्हणजे लांब चोचीचे ते पाणपक्षी, कुठे सरकतात, हे त्याला जसं कळतं तसं आपल्या कुठल्याच पुस्तकातून कळलं नसतं. बांबू रोवत त्याने नाव इतकी अलगद नेली की काळ्या शेपटीचे पाणटिवळे चार हातांवर चरत राहिले. लांब चोच मुळापर्यंत चिखलात, डोळ्यांपर्यंत पाणी, आणि मध्येच मान वर करून किडा गिळायचा. मग वरून दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी गेला आणि सगळा थवा एकदम उठला. काकांनी त्या गडबडीतही चक्रवाक मोजले!

मी त्यांना भिगवणचे रोहित पक्षी (फ्लेमिंगो) आणि तिथले मच्छीमार वाटाडे यांच्याबद्दल सांगितलं. नावाड्याचा पहिला प्रश्न, "तिथे नावेला मोटर असते?" काहींना असते म्हटल्यावर त्याने नापसंतीने मान हलवली. मला ते फार पटलं. काका पुढच्या हिवाळ्यात भिगवणला येणार आहेत आणि उतरणार आपल्याकडेच, हे मी परस्पर ठरवून टाकलंय.

बाबा, गुडघ्यांमुळे पक्षी बघणं संपलं असं आता म्हणू नका. इथे चालायचं नाहीच, धक्क्यावरून थेट नावेत बसायचं. चढताना हात द्यायला माणसं आहेत. मार्च सरला की पाहुणे पक्षी परततात, त्यामुळे फेब्रुवारीतच येऊ. तिकिटांचं मी बघते. तुमच्या दुर्बिणीचा सैल झालेला पट्टा तेवढा बदलून घ्या. आणि आई, काकूंना पुरणपोळी खायचीय.

तुमची,
मनू