बाबा, तुमची चोरी सापडलीय

ती. बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार वि. वि. (शाळेत शिकवलेलं पत्र इथपर्यंतच आठवतंय, पुढचं माझं मी लिहिते.)

मेसेज लांबलचक आहे, चष्मा लावून बसा. फोनवरच बोलले असते पण फोनवर बाबा दीड मिनिट बोलतात आणि "घे, आईशी बोल" करून मोकळे होतात, आणि हा विषय बाबांचाच आहे.

तर झालं असं की दिवाळीत तुम्हाला टीव्हीवर नेटफ्लिक्स घेऊन दिलं ना, त्याचा ईमेल माझा आहे आणि त्यात कोणत्या तारखेला काय बघितलं त्याची यादी असते. परवा सहज उघडली तर होमटाउन चा-चा-चा ही कोरियन मालिका, नऊ भाग! मी आईला विचारलं तर म्हणाली मला काय कळतंय त्यातलं, बाबाच काहीतरी लावून बसतात. बाबांना विचारलं तर म्हणे तुझ्या आईचे उद्योग. आता आई त्या आठवड्यात चार दिवस कोल्हापूरला मावशीच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला होती आणि नेमके त्याच चार दिवसांत तिसऱ्यापासून आठव्यापर्यंतचे भाग उरकलेत. एकेक भाग सव्वा तासाचा. बाबा, बँकेत ३४ वर्षं दुसऱ्यांच्या चुका पकडल्यात तुम्ही, हिशोब तुम्हीच शिकवलाय मला.

आणि हे कोणी, तर २०२० मध्ये लॉकडाऊनला मी सांगलीला येऊन राहिले होते तेव्हा मी रात्री हेडफोन लावून क्रॅश लँडिंग ऑन यू बघत बसायचे आणि पाणी प्यायला उठलेले बाबा दारात उभे राहून म्हणायचे, "हे सगळे सारखेच दिसतात गं, तू ओळखतेस कशी?" मला तेव्हा किती राग यायचा. आता बोला, तुमच्या मालिकेतल्या त्या तीन आज्या एकमेकींपासून ओळखू येतात की नाही?

असो, चिडवून झालं. आता पकडलेच गेलायत तर नीट बघा, आणि आई तूही बस शेजारी, लसूण सोलत का होईना. मी गेली बारा-तेरा वर्षं हे बघतेय, माझी मतं तयार आहेत आणि इथे बंगळुरूमध्ये ऐकून घेणारं कोणी नाही. ऑफिसात एक इंफाळची मैत्रीण आहे ती फक्त ऐकते, पण ती माझ्या दहा पावलं पुढे आहे. २००० साली तिकडे एका बंडखोर संघटनेने हिंदी सिनेमे आणि चॅनेलवर बंदी आणली आणि मग केबलवर आरिरांग नावाचा कोरियन चॅनेल घरोघरी लागायला लागला. आम्ही इथे एकता कपूर बघत होतो तेव्हा तिची आई कोरियन नट्यांसारखे केस कापून आली होती म्हणे.

माझं पहिलं मत असं की कोरियन रोमँटिक कॉमेडीत हिरो-हिरोईन ही सगळ्यात कमी महत्त्वाची गोष्ट आहे. ऐकायला विचित्र वाटेल पण बघा. त्या गोंगजिन गावात (गाव काल्पनिक आहे, पण शूटिंग पोहांग भागात झालंय, तिथला तो बाजार खरा आहे) ती डेंटिस्ट बाई पहिल्या दिवशी येते, समुद्रात हील्सच्या चपला वाहून जातात, फोन-कार्ड बंद पडल्यामुळे खिशात पैसे नाहीत, आणि तो गावातली सगळी कामं करणारा हिरो होंग तिला स्क्विड (माकूळ) साफ करायच्या कामाला बसवतो. मग माइक चालू आहे हे न कळता गावाबद्दल नको ते बोलते आणि ते अख्ख्या गावाला ऐकू जातं. हे सगळं आपल्या जुन्या गल्लीत झालं असतं की नाही? कोणाकडे कोण आलं, कोणाच्या दारात कुणाची स्कूटर आहे, सगळ्यांना सगळं माहीत. त्या दोघांचं प्रेम जमतं ते सगळं गाव बघतंय, टोमणे मारतंय, डबे पाठवतंय अशा गर्दीत जमतं, आणि त्यातच मजा आहे. नुसतं दोघांनी समुद्रावर फिरायचं असतं तर मी दुसऱ्या भागात झोपले असते. आणि होंग तर आपल्या देशपांडे काकांसारखाच, नळ दुरुस्त करा, कुरिअर घ्या, लग्नाचं बघा, फरक एवढाच की होंग तासाचे पैसे घेतो, किमान वेतनाच्या दराने, आणि काका फक्त चहा घ्यायचे. आणि काका दिसायला किम सॉन-हो (होंग झालेला नट) नव्हते, आई हसू नको.

दुसरं, ते संपतं. सोळा भाग, संपलं, घरी जा. आपल्याकडे चार दिवस सासूचे अकरा वर्षं चाललं होतं, तीन हजारांवर भाग, मी ज्युनिअर कॉलेजात होते तेव्हा सुरू झालं आणि मी नोकरीला लागले तरी आशालता देशमुख आहेतच. अर्थात तिकडेही रोजच्या मालिका असतात शंभर-शंभर भागांच्या आणि त्या आपल्यापेक्षा कमी नाहीत. २०१४ मधल्या एका मालिकेत सासूने जावयाला किमचीने (त्यांचं आंबवलेल्या कोबीचं लोणचं) थोबाडीत मारलीय, म्हणजे खरंच, हातात अख्खी किमचीची जुडी घेऊन फाट्कन. तो सीन मी आठवड्यातून एकदा तरी बघते.

आई, तुझ्यासाठी मात्र क्रॅश लँडिंगच. सोलची बडी उद्योजक बाई पॅराग्लायडिंग करताना वादळात उडून थेट उत्तर कोरियात पडते, ती पण एका लष्करी कॅप्टनच्या अंगावर. हे ऐकून बाबा "काहीही!" म्हणणार, म्हणू देत. पण तिथल्या गावातल्या बायका बघ तू, लाइट जाणं, किमची घालायला सगळ्यांनी जमणं, वरिष्ठाच्या बायकोपुढे बाकीच्यांचं हांजी हांजी. लेखकांच्या टीममध्ये उत्तर कोरियातून पळून आलेला एक माणूस होता म्हणून ते सगळं इतकं घरगुती वाटतं. आणि तुला सगळ्यात आवडेल अशी बातमी, त्यातले ह्युन बिन आणि सोन ये-जिन यांनी २०२२ मध्ये खरंच लग्न केलं. स्वित्झर्लंडमधल्या ज्या तळ्याकाठी तो पियानो वाजवतो ना तिथे फोटो काढायला इतके लोक जायला लागले की गावाने त्या धक्क्यावर जायला पाच फ्रँक तिकीट लावलं. बाबा, याला म्हणतात उत्पन्नाचं साधन.

आता जे आवडत नाही ते पण सांगते, नाहीतर म्हणाल पोरगी आंधळी झालीय. एक तर बारावा भाग आला की कोणाचंतरी लहानपणचं दुःख बाहेर येतं आणि कॉमेडी गायब, तीन भाग नुसतं रडणं, मग सोळाव्यात घाईघाईने लग्न. तुमच्या होमटाउनमध्ये पण होंगचं रहस्य इतकं ताणलंय की मी म्हटलं अरे सांग बाबा एकदाचं. दुसरं म्हणजे हिरो-हिरोईन लहानपणी एकदा भेटलेले निघतात, नव्वद टक्के वेळा! का? मोठेपणी भेटून प्रेम झालेलं पुरत नाही का? तिसरं ते मनगट धरून ओढत नेणं, जुन्या मालिकांत फारच. २००९ ची बॉइज ओव्हर फ्लॉवर्स सगळ्या जगाला आवडली, मला नाही आवडली, श्रीमंत पोरगा एका मुलीला शाळेत छळतो आणि ते प्रेम? छ्या. आणि जाहिराती! मध्येच सगळे सबवे सँडविच खायला लागतात, तुमच्या मालिकेत ती कोपिकोची कॉफीची गोळी येते बघा, काही कारण नसताना, कॅमेऱ्यासमोर आवरण सोलून.

आणि कांदेपोहे तिकडे पण आहेत हं. बिझनेस प्रपोजलमध्ये (२०२२, फक्त बारा भाग, हसून हसून पोट दुखेल) आजोबा नातवाला एकामागून एक मुली बघायला पाठवतात आणि एक मुलगी मैत्रिणीच्या जागी स्थळ मोडायला जाते, निघतो तिच्याच कंपनीचा बॉस. ते बघताना मला माझा २०१४ चा उन्हाळा आठवला, अकरा स्थळं, त्यातला तो इस्लामपूरचा ज्याच्या आईने मला चालून दाखवायला सांगितलं आणि बाबा उठून म्हणाले "आम्ही निघतो". बाबा, ते मी कधी बोलले नाही तुमच्याजवळ पण कोणत्याच कोरियन हिरोने एवढी भारी एन्ट्री घेतलेली नाही, आणि एक्झिट पण नाही. त्याच सुमारास मी २००५ ची माय लव्हली साम-सून शोधून बघितली होती, त्यात हिरोईन केक बनवणारी आहे, जाड आहे, तोंडाळ आहे आणि तीस वर्षांची, तर सगळे तिला घोडनवरी समजतात. मी तेव्हा एकोणतीस. शेवटच्या भागाला तिकडे निम्मा देश टीव्हीपुढे होता. मला तेव्हा कळलं की ही कटकट फक्त सांगलीत नाहीये, आणि का कोण जाणे पण बरं वाटलं.

भाषेची पण एक गंमत. बायका नवऱ्याला किंवा बॉयफ्रेंडला "ओप्पा" म्हणतात, म्हणजे मोठा भाऊ, दादा! आई, तू बाबांना दादा म्हणून हाक मारून बघ एकदा. पण लग्न होऊन वर्षं झाली की "योबो", ते बरोब्बर आपल्या "अहो"सारखं. आणि आईला मुलाच्या नावाने, अमक्याची आई म्हणून हाक. तुला गल्लीत तीस वर्षं माझीच आई म्हणून ओळखतात, तुझं नाव शोभा आहे हे किती जणींना माहीत असेल?

त्यावरून आठवलं, मिस ग्रॅनी नावाचा सिनेमा आहे २०१४ चा, तो नक्की बघ. सत्तरी ओलांडलेली खवट आजी, सून तिच्यामुळे आजारी पडलेली, घरात हिला वृद्धाश्रमात ठेवायचं चाललंय असं तिला कळतं, आणि ती आपला शेवटचा फोटो आधीच काढून ठेवावा म्हणून स्टुडिओत जाते आणि बाहेर पडते ती वीस वर्षांची होऊन. शिव्या त्याच, चाल तीच, चेहरा मात्र विशीतला. स्क्विड गेम काढणाऱ्या दिग्दर्शकाचा आहे हा, विश्वास बसणार नाही. हे मला तिकडचं फार आवडतं, म्हाताऱ्या माणसांना देवघरात बसवत नाहीत. त्यांना खायची इच्छा असते, गायची असते, भांडायचं असतं, नटायचं असतं.

आणि आता बाबा, मुद्द्यावर येते.

तुमच्या मालिकेतली गाम-री आजी. तिचे दात. ती डेंटिस्ट हे-जिनला म्हणते इम्प्लांट नको, या वयात एवढा खर्च कशाला, मुलाला कशाला त्रास. आणि हे-जिन चिडते तिच्यावर, चांगलीच चिडते, कारण तिची स्वतःची आई ती लहान असतानाच गेलीय. ते तुम्ही बघितलंत. नववा भाग बघून झालाय म्हणजे ते बघून तुम्ही पुढे पण गेलात. आणि तरी परवा फोनवर मला म्हणालात दातांचं ना, बघू, दिवाळीनंतर. कोणत्या दिवाळीनंतर? गेल्या दिवाळीला दोन दाढा काढल्या तेव्हाही हेच. आईने सांगितलंय मला सगळं (आई, सॉरी, तुझं नाव घेतलं), की भाकरी आमटीत कुस्करून खाताय, लाडू फोडून घेताय, आणि भडंगाची पुडी आली की मला नको म्हणून शेजारच्या पोरांना देऊन टाकताय. तुम्ही. भडंग. जयसिंगपूरची गाडी फलाटावर थांबली की खिडकीतून हात काढून भडंग घेणारा माणूस. त्या आजीचं स्क्विड चावता न येण्याचं जे दुःख आहे ना तेच आहे हे, फक्त तुम्हाला सबटायटल नाहीत म्हणून कुणाला कळत नाही असं वाटतंय तुम्हाला.

पैशाचं मला सांगू नका. कोटेशन मी मागवलंय, आईने फोटो पाठवला, भरलेत पण अर्धे, आता परत मिळत नाहीत (हे खोटं आहे कदाचित, तुम्ही चौकशी करू नका). मी दुसऱ्या शनिवारी पहाटेच्या बसने पोचते, अकराची अपॉइंटमेंट आहे, मी बरोबर येणार, रिक्षाने जाऊ, तुमची स्कूटर नको. डॉक्टर बाई आहेत, हील्स घालतात का ते माहीत नाही.

तोपर्यंत दहावा ते चौदावा बघून घ्या. पंधरावा मात्र एकट्याने बघू नका, का ते विचारू नका, आईला शेजारी बसवा नाहीतर मी येईपर्यंत थांबा, रविवारी तिघं मिळून बघू. आई, तू पहिल्यापासून सुरू कर, दुपारी दोन भाग केलेस तर गाठशील त्यांना. रिमोटवर मागे जायचं डावं बटन.

आणि भडंगाची नवीन पुडी आणली असेल तर डब्यात घट्ट बंद करून ठेवा, कुणाला देऊन टाकू नका, डॉक्टर किती महिने थांबायला सांगतात ते बघू.

तुमची,
(ओळखा)