प्रिय दिलीप, तुझ्या मटणाच्या प्रश्नाबद्दल

नागपूर
रविवार, दुपार

प्रिय दिलीप,

तुझा फॉरवर्ड मिळाला. 'शाकाहारी माणसाला कॅन्सर होत नाही, ऑक्सफर्डने सिद्ध केलं' वगैरे. त्याच्याखाली तू स्वतः टाइप केलेली एकच ओळ होती : "खरं सांग बे, मटण सोडू का?" तुझे वडील, आमचे काकाजी, आतड्याच्या कॅन्सरने गेले, तेव्हा हे तू गमतीत विचारत नाहीस, हे मला समजतं. म्हणून फोन न करता लिहायला बसलो. आयुष्यभर पोरांना संख्याशास्त्र शिकवलं, आता तुझ्यावर थोडं खर्च करतो.

आधी ऑक्सफर्डचंच बघू. तिथल्या मंडळींनी १९९३ साली 'एपिक-ऑक्सफर्ड' नावाचा अभ्यास सुरू केला. सुमारे ६५,००० माणसं घेतली आणि त्यांत शाकाहारी मुद्दाम भरपूर घेतले. प्रत्येकाकडून १३० पदार्थांची प्रश्नावली भरून घेतली : कोणता पदार्थ किती वेळा खाता? मग कुणाला काय होतं, याची वर्षानुवर्षं नोंद ठेवली. २०१४ साली आधीच्या एका अभ्यासातली माणसं जोडून हिशेब मांडला, तेव्हा शाकाहाऱ्यांत एकूण कॅन्सर १२ टक्के कमी निघाला. आणि मोठ्या आतड्याचा? त्यात काही फरकच नाही. २००९च्या आकड्यांत तर तो शाकाहाऱ्यांमध्येच जास्त होता. हे तुझ्या फॉरवर्डवाल्याने कसं काय गाळलं बाप्पा?

आता अमेरिकेचं ऐक. कॅलिफोर्नियात लोमा लिंडा इथे ॲडव्हेंटिस्ट पंथाच्या लोकांचं विद्यापीठ आहे. हे लोक दारू-सिगारेटच्या वाटेला जात नाहीत आणि त्यांच्यातले बरेच जण शाकाहारी आहेत. त्यांच्यातल्या ७७,००० हून जास्त माणसांवर सात वर्षांच्या आसपास नजर ठेवून २०१५ साली निष्कर्ष छापले. इथे मात्र आतड्याचा कॅन्सर शाकाहाऱ्यांत २२ टक्के कमी. आणि मांस न खाता फक्त मासे खाणाऱ्यांत ४३ टक्के कमी! तुझ्या कोकणातल्या सासुरवाडीला हे कळवून टाक, मेव्हणे खूश होतील.

म्हणजे एकाच प्रश्नाला दोन नामांकित अभ्यासांनी दोन उत्तरं दिली. लबाडी कुणीच केलेली नाही. माणसं वेगळी, त्यांचं शाकाहारी ताट वेगळं, आणि ज्यांच्याशी तुलना केली ते मांसाहारीसुद्धा वेगळे.

याहून कितीतरी मोठा हिशेब ब्रिटनच्या 'यूके बायोबँक'चा, म्हणजे लाखो लोकांच्या आरोग्याची नोंद ठेवणाऱ्या प्रकल्पाचा आहे, २०२२ सालचा. ४,७२,००० माणसं, सरासरी ११ वर्षांवर पाठपुरावा. नियमित मांस खाणाऱ्यांच्या तुलनेत शाकाहाऱ्यांत एकूण कॅन्सर १४ टक्के कमी. १४ टक्के ऐकायला भारी वाटतं. पण त्या काळात कॅन्सर झाला तो सगळे धरून शंभरातल्या साधारण १२ जणांना. त्या १२चे १४ टक्के कमी कर, म्हणजे शाकाहाऱ्यांत शंभरातले १० उरतात. फरक आहे, पण १० जणांना झालाच ना? शिवाय पाळी गेल्यानंतरचा स्तनाचा कॅन्सर शाकाहारी बायकांत कमी दिसला, त्याचं बरंचसं कारण त्यांचं वजन कमी होतं, हे त्याच संशोधकांनी लिहून ठेवलंय. पाळी गेल्यावर मुख्यतः शरीरातली चरबीच इस्ट्रोजेन हे संप्रेरक तयार करते, आणि ते या कॅन्सरला खतपाणी घालतं. म्हणजे तिथे भाजीपेक्षा वजनाचा काटाच जास्त कामाचा.

माझा खरा मुद्दा आता येतो. तिकडे बहुतेक लोक विचार करून, ठरवून शाकाहारी होतात. असा माणूस बहुधा सिगारेट कमी ओढतो, व्यायाम करतो, डॉक्टरकडे वेळेवर जातो. संशोधक हे सगळं गणितात वजा करायचा प्रयत्न करतात, पण पूर्ण वजा होत नाही. आपल्याकडे शाकाहार जन्माने मिळतो. घरात मांस शिजत नाही एवढाच त्याचा अर्थ. बाकी साबुदाणा वडा, शेव आणि पुरणपोळीवर तुपाची धार सुखेनैव चालते. भारतात स्तनाच्या कॅन्सरच्या सुमारे २,१०० रुग्ण बायका आणि तितक्याच निरोगी बायका घेऊन केलेला अभ्यास २०१७ साली छापला गेला. जन्मभर शाकाहारी असण्याने जवळजवळ काहीच फरक पडला नव्हता. मला त्याचं नवल वाटलं नाही.

आणि नागपुरात राहून मी खर्रा कसा विसरू! आमच्या कोपऱ्यावरच्या पानठेल्यावर सकाळी सातलाच सुरू होतं. बारीक सुपारी, तंबाखू, चुना, वर दोन थेंब पाणी, सगळं पन्नीत गुंडाळायचं आणि गरम होईस्तोवर फळीवर घोटत राहायचं. तो घासण्याचा आवाज मला घरात बसून ऐकू येतो. आमच्या गल्लीतले एक गृहस्थ माळकरी, कांदा-लसूणसुद्धा नाही, एकादशी कधी चुकली नाही. गालात मात्र कायम खर्रा. आधी तिखट झोंबायला लागलं. मग तोंड उघडेना, दोन बोटं आडवी जाईनात. गाल आतून कडक पडत जातात, सुपारीचं काम आहे ते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने तंबाखू नसलेल्या सुपारीलाही पहिल्या गटात, म्हणजे कॅन्सर करतात हे पक्कं ठरलेल्या पदार्थांत टाकलंय. सुपारी झाडाचीच, तंबाखूही झाडाचाच. त्या हिशेबाने खर्रा शंभर टक्के शाकाहारी! राज्यात गुटख्यावर २०१२पासून बंदी आहे, पण ठेल्यावरची गर्दी काही हललेली नाही. शाकाहाराचे फॉरवर्ड पाठवणारे आपले अर्धे मित्र त्याच गर्दीत उभे असतात, म्हणून मला चीड येते.

आता मटण. त्याच संस्थेने २०१५ साली सॉसेज, हॅम, बेकन असलं प्रक्रिया केलेलं मांस पहिल्या गटात टाकलं. रोज ५० ग्रॅम खाल्लं तर आतड्याच्या कॅन्सरचा धोका साधारण १८ टक्क्यांनी वाढतो. साधं लाल मांस, म्हणजे आपलं मटण, 'बहुधा कारणीभूत' अशा दुसऱ्या गटात आहे. मांसातलं लोह आतड्यात घातक रसायनं बनायला मदत करतं, आणि थेट जाळावर करपवलं की त्यात आणखी भर पडते. शिजवलेलं लाल मांस आठवड्याला ३५० ते ५०० ग्रॅमच्या आत ठेवा, असा सल्ला आहे. तू महिन्यातून एकदा सावजी खाणार, तर्रीने घाम पुसत. त्याने काही आभाळ कोसळत नाही. नातू नाश्त्याला रोज सॉसेज मागतो म्हणालास, ते मात्र बंद कर. ज्वारी, डाळी, अंबाडीची भाजी वाढव. चोथा आतड्याला मानवतो, एवढं नक्की. आणि त्या गाजराच्या सत्त्वाच्या गोळ्या घेऊ नकोस. फिनलंडमध्ये २९,००० सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर बीटा-कॅरोटीनची, म्हणजे गाजरातल्या त्याच सत्त्वाची, चाचणी झाली. १९९४ साली निकाल लागला तेव्हा ज्यांना गोळी दिली त्यांच्यातच फुफ्फुसाचा कॅन्सर १८ टक्के जास्त. तू वीस वर्षं सिगारेट ओढलेला माणूस.

तर उत्तर : सोडायचं असेल तर सोड, पण त्याच्या भरवशावर राहू नकोस. आई-वडिलांपैकी कुणाला आतड्याचा कॅन्सर झाला असेल तर मुलाचा धोका जवळजवळ दुप्पट होतो. मटण सोडून तो भरून निघत नाही. अशा मुलांनी चाळिशीतच कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी, करायची असते, किंवा वडिलांना ज्या वयात निदान झालं त्याच्या १० वर्षं आधी, जे लवकर येईल ते. तू साठी ओलांडलीस आणि अजून केलेली नाहीस. आतड्यात आधी पॉलिप म्हणजे छोटा कोंब येतो, त्याचा कॅन्सर व्हायला बहुधा दहाएक वर्षं जातात, आणि तो कोंब त्याच तपासणीत काढून टाकता येतो. कुठल्याही भाजीला हे जमत नाही.

आदल्या दिवशी पोट साफ करायचं औषध प्यावं लागतं, त्रास म्हणशील तर तोच. गुंगीचं औषध देतात, त्यामुळे घरी न्यायला सोबत माणूस लागतो. वहिनींचे गुडघे दुखतात, त्यांना दगदग नको. मी येतो. तारीख ठरली की लगेच कळव, महाराष्ट्र एक्स्प्रेसचं रिझर्व्हेशन ऐनवेळी मिळत नाही.

तुझा,
वसंता