पिशव्या फेकायला शिकवणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

हे पत्र तुमच्या हातात द्यायचं होतं. पण गेल्या महिन्यात तुम्ही ज्येष्ठांचं केंद्र सोडून गावी गेलात आणि माझं राहूनच गेलं. म्हणून इथे चारचौघांत लिहितेय. तसंही तुमच्याबद्दल वाकडं बोलले होते तेही चारचौघांतच. 'ज्वारी भरलेल्या छोट्या पिशव्या टबात फेकायला महिन्याचे एवढे पैसे?' हे आमच्या सोसायटीच्या जिन्यात मीच म्हटलं होतं, आणि चांगलं मोठ्याने.

बाबांना अर्धांगवायूचा झटका येऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. डावा हात मांडीवर पडून असायचा, कुणी गाडीत विसरून गेलेल्या सामानासारखा. त्याआधी त्यांना एका दुसऱ्या केंद्रात घातलं होतं. तिथे काही झालं की 'आजोबा, शाब्बास! टाळ्या वाजवा बरं!' तिसऱ्या दिवशी परतताना रिक्षात म्हणाले, "मी काय बालवाडीत आहे?" आणि विषय संपला. तुमच्याकडेही मी त्यांना जवळजवळ ओढूनच आणलं. रंगीत पिशव्यांची परडी दिसल्यावर त्यांनी माझ्याकडे जे पाहिलं, तसं ते बत्तीस वर्षं एसटीतल्या विनातिकीट प्रवाशांकडे पाहत आले होते.

तुम्ही 'खेळा' म्हणाला नाहीत. एक पिशवी त्यांच्या हातात देऊन म्हणालात, "काका, जरा धरता का, दार लावून येते." दार लावायला तुम्हाला बराच वेळ लागला. तोवर बाबांनी ती तळहातावर दोनदा उडवून तोलली. "शंभर ग्रॅम असेल," ते म्हणाले. त्या दिवशी एवढंच.

पुढे तुम्हाला शिवायला मदत करताना त्या पिशवीतली अक्कल कळली. चार बोटं रुंद, तेवढीच लांब, आणि भरायची दोन तृतीयांशच. गच्च भरली की ती दगडासारखी होते, बोटांत बसत नाही. चेंडू निसटून कपाटाखाली जातो आणि कुणीतरी वाकतं, तोल जातो. पिशवी पडली तिथेच पडून राहते. राजमा मी आणला होता, तो तुम्ही परत केलात. शिवण उसवून कुणी दाणे तोंडात टाकले तर कच्चा राजमा बाधतो, म्हणालात. खुर्च्या हातांच्या, बिनचाकांच्या. दोन्ही पाय जमिनीला टेकल्याशिवाय फेकायचं नाही. टब सुरुवातीला इतका जवळ की पहिली पिशवी चुकूच नये, आणि मग कुणाच्या लक्षात येणार नाही असा वीतभर मागे. फरशी पांढुरकी म्हणून पिशव्या लाल आणि गर्द निळ्या. मोतीबिंदूवाल्यांना त्या लांबून दिसतात.

कापड आमच्याकडून गेलं, याचा मला आनंदच आहे. ओटीत आलेले, कुणालाच न होणारे, एका घरातून दुसऱ्या घरात फिरत राहणारे ब्लाउजपीस अखेर कुठेतरी मुक्कामाला पोचले! पावसाळ्यात ज्वारीला किडे झाले तेव्हा सगळ्या पिशव्या उसवून नवी ज्वारी कडक उन्हात वाळवून भरावी लागली. तेव्हापासून आत एक पिशवी आणि वरून धुता येणारी खोळ.

पण आभार मानायचेत ते त्या बुधवारचे. मी बाबांना न्यायला लवकर आले होते. तुम्ही सहा टब ओळीने मांडून प्रत्येकावर पुणे–नगर रस्त्यावरच्या एकेका गावाची चिठ्ठी चिकटवली होती: वाघोली, लोणीकंद, शिक्रापूर, कोरेगाव, रांजणगाव, शिरूर. बाबांनी खुर्चीतूनच हात वर केला. "मॅडम, कोरेगावच्या आधी शिक्रापूर? गाडी उलटी नेताय का?" तुम्ही कपाळावर हात मारून चिठ्ठ्या बदलल्यात. ती चूक मुद्दाम होती का, हे मी तुम्हाला दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तुम्ही चहाचं विचारलंत.

त्यानंतर बाबांनी गाडी ताब्यात घेतली. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी याच पुणे–नगर रस्त्यावर धावली, हे अख्ख्या हॉलला सांगून झालं. मग प्रत्येकाला विचारणं, 'कुठलं देऊ?' म्हणेल त्या गावाच्या टबात पिशवी. शिरूरच्या टबात पडली की सगळ्यांनी मिळून 'टण टण', म्हणजे डबल बेल. लोणीकंद मागून ज्यांची पिशवी रांजणगावात पडली, त्या आजींना पुढच्या टप्प्याचे पैसे पडतील म्हणून दम भरला गेला. त्या आजी सागरगोट्यांत वाढलेल्या. त्यांनी उत्तरादाखल एक पिशवी वर उडवली, ती खाली येईपर्यंत मांडीवरची दुसरी उचलली आणि दोन्ही एकाच मुठीत झेलल्या. बाबा गप्प.

मग तुम्ही सहज विचारलंत, "काका, गर्दीत नोटा कुठे धरायचात?" बाबा म्हणाले, "डाव्या हातात. उभी घडी घालून, बोटांच्या मधे." आणि बोलता बोलता उजव्या हाताने पिशवीचा कोपरा डाव्या हाताच्या पहिल्या दोन बोटांत खोचला. तो राहिला. चार-पाच सेकंद असेल. मी दारातच उभी होते, चपला काढायच्या राहिल्या होत्या.

हात बरा झाला असं मी लिहिणार नाही. बोटं अजून पुरती मिटत नाहीत, शर्टाची बटणं मीच लावते. पण गाण्यावर गोलात पिशवी पुढे देताना ते आता ती डाव्या हातात घेतात, उजव्याने सोडवतात आणि पुढच्याला देतात. गाणं तिथेच थांबलं तर वाहक बाद होत नसतो, असा नियम त्यांनीच केलाय.

तुमच्या जागी आलेली मुलगी चांगली आहे. चिठ्ठ्या बरोबर क्रमाने लावते. बाबांना ते फारसं आवडलेलं नाही.

परवा कपडे धुवायला टाकताना त्यांच्या झब्ब्याच्या खिशात तुमची एक लाल पिशवी सापडली. केंद्रात परत देऊन येते म्हटलं, तर म्हणाले, "राहू दे. ताईंचे सुट्टे द्यायचे राहिलेत."

तुमची,
शिरूर गाडीच्या कंडक्टरांची मुलगी