कोपनहेगनहून शमीला पत्र: ओस्लो-स्टॉकहोम राहू दे

प्रिय शमे,

तुझी ती टूरची पीडीएफ मिळाली. आठवडाभरात कोपनहेगन, मग रात्रीच्या जहाजाने ओस्लो, तिथून बर्गन, मग स्टॉकहोम, आणि परत विमान. अगं काय हे! सोबत काकू आहेत, त्यांचे गुडघे दुखतात, ओवी आठ वर्षांची आहे, आणि रोज सकाळी साडेसहाला बॅगा भरून खाली लॉबीत. ज्या टूरवाल्याने हे केलंय त्याने स्वतःच्या आईला असं फिरवून दाखवावं आधी. फोनवर सांगायला गेले की तू "हो हो बघू" म्हणतेस म्हणून बसून लिहितेय, नीट वाच.

माझं म्हणणं एवढंच की मुक्काम माझ्याकडेच ठेव, घर लहान आहे पण मावाल, आणि रोज सकाळी पोळीभाजीचा डबा घेऊन निघायचं, संध्याकाळी घरी परत. कोपनहेगन ज्या बेटावर आहे ना, शेलँड, त्यातलं बघण्यासारखं बरंच काही इथून ट्रेनने तासाभराच्या आत आहे. तू ठाण्याहून चर्चगेटला जायला जेवढा वेळ घालवायचीस तेवढ्यात इथे माणूस किल्ल्याच्या दारात असतो, तेही बसून! आणि तू येणार जूनमध्ये, म्हणजे रात्री दहापर्यंत उजेड, त्यामुळे उशिरा निघालं तरी काही बिघडत नाही.

पहिल्यांदा रोस्किल्ड. पंचवीसेक मिनिटं लागतात ट्रेनला. सगळे लोक आधी किल्ल्यांकडे धावतात पण मला विचारशील तर एकच जागा बघायची असेल तर ही. स्टेशनवरून दहा मिनिटं चाललं की कॅथीड्रल, लाल विटांचं, जागतिक वारसा यादीत १९९५पासून, आणि आत डेन्मार्कचे चाळीसेक राजे-राण्या पुरलेल्या. ऐकायला कंटाळवाणं वाटतं पण काकूंना फार आवडेल बघ, कारण तिथे घराण्यातल्या भानगडी भरपूर. म्हणजे मार्गरेट राणी, जिने २०२४च्या जानेवारीत गादी सोडून मुलाला दिली, तिने स्वतःची काचेची शवपेटी आधीच करून ठेवलीय. खरं तर दोघांसाठी होती, पण नवरा म्हणाला मला राजा केलं नाही ना, मग मी तुझ्या शेजारी पडणार नाही, आणि २०१८मध्ये वारला तेव्हा खरंच तिथे पुरलं नाही त्याला. एका चॅपलमध्ये एक खांब आहे, त्यावर तिथे येऊन गेलेल्या राजांच्या उंचीच्या खुणा आहेत, रशियाचा पीटर द ग्रेटसुद्धा आहे त्यात, आणि सगळ्यात वर पहिला क्रिस्तियान, सव्वासात फुटाच्या जवळपास! नंतर त्याचा सांगाडा मोजला तर सहा फूट दोन इंच भरला. थापा कुठल्याही दरबारात सारख्याच. ओवीला त्या खांबाशी उभी कर, फोटो काढ.

तिथून उतार उतरत खाली फ्योर्डवर, म्हणजे जमिनीत आत शिरलेल्या समुद्राच्या फाट्यावर, गेलं की वायकिंग जहाजांचं म्युझियम. (परत येताना तोच चढ आहे, काकूंना बसने आण.) साधारण १०७०च्या सुमाराला लोकांनी मुद्दाम जुनी जहाजं दगड भरून बुडवली, का तर समुद्राकडून शत्रू शहरावर येऊ नये म्हणून वाट बंद करायची होती. ती १९६२मध्ये पाणी अडवून बाहेर काढली. गंमत बघ, आधी वाटलं सहा जहाजं आहेत, मग कळलं दोन नंबर आणि चार नंबर हे एकाच लांबलचक जहाजाचे तुकडे आहेत, म्हणून आता पाट्या एक, दोन, तीन, पाच, सहा अशा आहेत आणि शाळेतली पोरं चार नंबर शोधत फिरतात. आणि ते दोन नंबरचं जहाज, तीस मीटर लांब, त्याच्या ओक लाकडातल्या वर्तुळांवरून कळलं की ते १०४२च्या सुमाराला आयर्लंडात डब्लिनला बांधलेलं. इथल्या लोकांनी त्याची हुबेहूब प्रत बांधली आणि २००७मध्ये वल्ही आणि शिडावर डब्लिनला नेली. ती प्रत कधीकधी बाहेर धक्क्याला बांधलेली असते.

पण मी तासन्‌तास थांबते ते बाहेरच्या यार्डात. तिथे अजून जुन्या पद्धतीने बोटी बांधतात. करवत नाही, ओंडका पाचरी मारून उभा फोडायचा आणि मग कुऱ्हाडीने फळी तासत आणायची, त्याने लाकडाच्या रेषा तुटत नाहीत आणि फळी पातळ असूनही लवचीक राहते. एक फळी दुसरीवर थोडी चढवून लोखंडी रिव्हेट मारतात, आणि सगळीकडे डांबराचा वास. लाकडी डांबर हां, रस्त्याचं नव्हे. उन्हाळ्यात लोकांना बोटीत बसवून वल्ही मारायला लावतात, तू आणि ओवी जा, मी आणि काकू धक्क्यावर डबा खात बसू.

दुसरा दिवस हेलसिंगोर. पाऊण तास, किनाऱ्याकिनाऱ्याने, जाताना उजवीकडे बस म्हणजे मधूनमधून समुद्र दिसतो. क्रोनबोर्ग किल्ला, तोच हॅम्लेटवाला, आणि सगळे त्याचसाठी येतात, पण शेक्सपिअर तिथे कधी आला होता याचा काही पुरावा नाही. मला तिथली खरी गोष्ट वाटते ती जकातीची. समोर स्वीडन जेमतेम चार किलोमीटरवर, बाल्टिकमध्ये जाणाऱ्या-येणाऱ्या जहाजांची मोठी वाट हीच, आणि डेन्मार्कचा राजा १४२९च्या सुमारापासून १८५७पर्यंत प्रत्येक जहाजाकडून पैसे घ्यायचा. सव्वाचारशे वर्षं! द्यायचे नसतील तर तटावर तोफा आहेतच. पुढे मालाच्या किमतीवर जकात लावली, मग कप्तान किंमत कमी सांगणार हे ठरलेलं, तर राजाने नियम केला की तू जी किंमत सांगशील त्या किमतीला माल विकत घ्यायचा हक्क माझा. बोला आता! आमच्या ऑफिसात टॅक्सचं काम करणाऱ्या मुलीला मी हे सांगितलं तर ती म्हणाली याहून चांगला कायदा अजून कुणी केला नाही.

किल्ल्याच्या खाली अंधारी तळघरं आहेत, तिथे होल्गर दान्स्क नावाच्या योद्ध्याचा बसून झोपलेला पुतळा आहे, देशावर संकट आलं की उठतो म्हणतात. ओवीला दाखव, पण खाली जमीन ओबडधोबड आहे, काकूंना नको. मनोऱ्यावरही त्यांना नको. त्यांना अंगणात आणि मोठ्या बासष्ट मीटरच्या हॉलमध्ये फिरव, मग बाहेर तटावर बसव, समोर स्वीडनच्या फेरीबोटी जातात येतात ते बघत माणूस अर्धा दिवस काढू शकतो. वीस मिनिटांत पलीकडे हेलसिंगबोर्ग. वाटलं तर जाऊन या.

आता ऐक, त्याच लाईनवर हुमलेबेकला लुईझियाना म्युझियम आहे, मॉडर्न आर्टचं, १९५८मध्ये सुरू झालेलं. घराचं नाव आधीच्या मालकाने ठेवलेलं, त्याच्या एकामागून एक तिन्ही बायका लुईझ नावाच्या होत्या. तुला मॉडर्न आर्टचं वेड नाही मला माहितेय, मलाही सगळं कळतं असं नाही, पण बाग थेट समुद्रावर उतरते, हिरवळीवर लोळायला कुणी नाही म्हणत नाही, आणि मुलांसाठी वेगळी इमारत आहे जिथे त्यांना रंग-माती देऊन बसवतात. मंगळवार ते शुक्रवार रात्री दहापर्यंत उघडं असतं, सोमवारी बंद. म्हणून सकाळी किल्ला, चारनंतर लुईझियाना, असं एका दिवसात बसवता येतं. शनिवार-रविवारी नको, बंद लवकर होतं आणि गर्दीही फार.

हिलरोडचा फ्रेडरिक्सबोर्ग किल्ला तुला फोटोंसाठी हवा असणारच. एस-टोग म्हणजे इथली लोकल, तिने चाळीसेक मिनिटं. तळ्यातला किल्ला, उन्हाळ्यात तळ्यात छोटी बोट फिरते. १८५९च्या डिसेंबरात आग लागली तेव्हा तळं गोठलेलं होतं, विझवायला पाणी मिळेना, बराचसा जळाला, मग कार्ल्सबर्ग बियरवाल्या याकोबसेनच्या पैशातून पुन्हा उभा राहिला आणि १८७८पासून तिथे राष्ट्रीय इतिहासाचं म्युझियम आहे. खोल्या इतक्या आहेत की मधेच कंटाळा येतो, सगळ्या बघायच्या नाहीत. पण चॅपल चुकवू नकोस. इथला सगळ्यात मोठा शाही सन्मान म्हणजे ऑर्डर ऑफ द एलिफंट, चक्क हत्ती, मानेवर माहूत, पाठीवर बुरुज. तो मिळालेल्यांच्या ढाली भिंतीवर लावतात, भौतिकशास्त्रज्ञ नील्स बोरची पण आहे, त्यावर त्याने यिन-यांगचं चिन्ह घेतलंय.

हा किल्ला बांधणारा चौथा क्रिस्तियान, त्याच्याच काळात १६२०मध्ये डॅनिश लोकांनी तंजावरच्या नायकाकडून तमिळनाडूच्या किनाऱ्यावरचं तरंगमबाडी घेतलं. पुढे तंजावर आपल्या भोसल्यांकडे आलं आणि हे लोक दरवर्षी मराठी दरबारात खंडणी भरत राहिले. सरफोजीराजांना शिकवणारा श्वार्ट्झ, तोही मूळचा तरंगमबाडीच्या डॅनिश मिशनमधला. काकू इतिहासाच्या बाई ना, त्यांना हे तिथे उभं राहून सांग, किंवा त्याच आपल्याला सांगतील.

एक दिवस काहीच न करण्याचा ठेव. क्लाम्पेनबोर्ग, वीस मिनिटं, समोर हरणांचं जंगल, दोनेक हजार हरणं मोकळी फिरतात. स्टेशनजवळ घोडागाड्या असतात, काकूंना त्यात बसव. आतच बाकेन नावाची जत्रा आहे, १५८३पासूनची, जगातलं सगळ्यात जुनं चालू अम्युझमेंट पार्क म्हणतात. आत जायला पैसे नाहीत, पाळण्यांना आहेत, आणि ओवी ते वसूल करेल.

समुद्रापलीकडचं स्वीडनचं माल्मो? तिथे जाणाऱ्या पुलासाठी जा. ट्रेन आधी समुद्राखालच्या बोगद्यात शिरते, चार किलोमीटर, मग मुद्दाम केलेलं बेट, मग जवळपास आठ किलोमीटरचा पूल, २०००मध्ये उघडला. सगळाच पूल का नाही केला, तर शेजारी विमानतळ आहे आणि उंच खांब विमानांच्या आड आले असते. शेंगेन व्हिसा तोच चालतो पण पासपोर्ट प्रत्येकाचा जवळ ठेव, पलीकडे हिली स्टेशनवर स्वीडनचे पोलीस डब्यात चढतात. तिथे फलाफल झकास आणि इथल्यापेक्षा स्वस्त मिळतं, शाकाहारी माणसाची सोय झाली. झालं, तुझं स्वीडनपण झालं, स्टॉकहोमला जाऊन अजून काय वेगळं करणार होतीस?

मोन्स क्लिंटचे पांढरे कडे तू इन्स्टावर पाहून मला पाठवलेस ते या खेपेला विसर. सुंदर आहेत, २०२५मध्ये वारसा यादीतही गेले, पण ट्रेन, मग बस, आणि खाली किनाऱ्यावर जायला जवळपास पाचशे लाकडी पायऱ्या. उतरायला मजा येते, चढताना काकू मला शिव्या घालतील.

तिकिटांचं मी बघते. ओवीला मोठ्यांबरोबर ट्रेन फुकट. तुम्हा दोघींसाठी कोपनहेगन कार्ड घेऊ, त्यात या सगळ्या ट्रेन आणि किल्ले-म्युझियम येतात, माल्मो नाही येत. ते तासांवर चालतं, त्यामुळे लागोपाठच्या दिवसांना घ्यायचं आणि निवांत दिवस त्याच्या बाहेर ठेवायचा. आणि ट्रेनमध्ये शांततेचे वेगळे डबे असतात, तिथे काकूंना व्हिडिओ कॉल करू देऊ नकोस, इथली माणसं बोलत काही नाहीत पण बघतात अशी की आपणच उठून जावं. डबा मात्र बिनधास्त उघडा, इथले लोकही घरूनच राईच्या काळ्या पावाचं काहीतरी बांधून आणतात. पातळ जॅकेट आणि टोप्या जूनमध्येही लागतात, वारा फार.

त्या टूरवाल्याला ॲडव्हान्स दिला नसशील तर देऊ नकोस, दिला असशील तर किती परत मिळतो विचार. तारखा दोन दिवसांत कळव, मला रजा टाकायचीय आणि जुलै लागला की आमचं अर्धं ऑफिस समर हाऊसला पळतं, त्याआधीच काय ते मागावं लागतं. आणि उत्तर नीट लिही, नुसता अंगठा पाठवू नकोस.

तुझी,
मीनू

ता. क. काकूंना विचार गुडघ्याचा पट्टा आणणारेत का. इथे चांगला मिळतो पण किंमत बघून त्या घेणार नाहीत.