ताई, त्या रात्री तुम्ही फोन उचललात

प्रिय ताई,

हे पत्र तुम्हाला एकटीला पाठवता आलं असतं. पण अमेरिकेत कायदा आणि आरोग्य प्रशासन या दोन पदव्या एकत्र करायला निघालेल्या आणि मध्येच अडलेल्या कुणाच्या तरी ते हाती पडावं, म्हणून सगळ्यांसमोर लिहिते आहे.

वेगवेगळं शिकलं तर कायद्याची ३ आणि प्रशासनाची २ अशी ५ वर्षं जातात. काही विषय दोन्हीकडे धरले जात असल्यामुळे एकत्र केलं की बहुधा ४ पुरतात. हे वाचलेलं एक वर्ष किती महाग पडतं, ते मला दुसऱ्या वर्षी कळलं. सकाळच्या वर्गात दोष कुणाचा याचा कीस काढायचा, दुपारच्या वर्गात खाटा, पाळ्या आणि ताळेबंद. दोन्हीकडे मी पाहुणीच होते. प्रशासन सोडते, असं सांगायला मी तुम्हाला फोन केला.

तुम्ही समजूत घातली नाहीत. 'डार्लिंगचा निकाल वाचलायस ना? आता रात्रपाळीच्या नर्सच्या जागी बसून वाच,' एवढंच म्हणालात.

इलिनॉय सर्वोच्च न्यायालयाचा तो १९६५ चा निकाल मला पाठ होता. निदान तसं वाटत होतं. नोव्हेंबर १९६० मध्ये फुटबॉल खेळताना डार्लिंग नावाच्या १८ वर्षांच्या मुलाचा पाय मोडला, चार्ल्सटनच्या रुग्णालयात प्लास्टर घातलं. लवकरच बोटं सुजली, काळवंडली, मग गार पडून बधिर झाली. दोन आठवड्यांनी त्याला सेंट लुईसला हलवलं, पण शेवटी पाय गुडघ्याखाली कापावा लागला. माझ्या टिपणात याची एकच ओळ होती: रुग्णालयाची स्वतःचीही जबाबदारी असते, चूक फक्त डॉक्टरची म्हणून हात झटकता येत नाहीत.

त्या रात्री मी तारखा मांडत बसले. बोटं कुणी पाहिली? किती वेळाने? कुणाला सांगितलं? आणि तेव्हा निकालातलं एक वाक्य पहिल्यांदा नीट दिसलं. धोका ओळखून डॉक्टरांना कळवणं हे नर्सचं काम, आणि डॉक्टरांनी काही केलं नाही तर रुग्णालयाच्या वरिष्ठांना कळवणं हेही तिचंच काम. पण वरिष्ठ म्हणजे कोण, रात्री ते कुठे सापडतात, त्यांना उठवायची तिला मुभा आहे का? याचं उत्तर निकाल देत नाही. ते प्रशासनाने आधीच लिहून ठेवायचं असतं. त्या खटल्यात रुग्णालयाची स्वतःची नियमावलीच पुरावा म्हणून पुढे आली होती! जे दुपारच्या वर्गात लिहायला शिकवतात, तेच सकाळच्या वर्गात उलटतपासणीला उभं राहतं. ताई, माझे दोन वर्ग त्या रात्री एक झाले.

नंतरही तुम्ही किती वेळ दिलात. माझे मसुदे वाचलेत, 'यथोचित कार्यवाही करावी' असं दिसलं की त्याखाली लाल रेघ ओढून 'कुणी?' असं लिहिलंत. त्या रेघांचे आभार कसे मानू ते कळत नाही.

या उन्हाळ्यात मी ज्या रुग्णालयात उमेदवारी करते आहे, तिथे रुग्णाची प्रकृती ढासळल्यास काय करायचं याची नियमावली नव्याने लिहिली. पहिला मसुदा माझ्याकडे होता. दोनदा कळवूनही डॉक्टर आले नाहीत तर नर्सने थेट कुणाला फोन करायचा, ते पद आणि तो क्रमांक त्यात लिहिला आहे. परवा तो मंजूर झाला. त्यातलं दुसरं कलम तुमचं आहे.

तुमची,
धाकटी