आजीचं नाव आणि सरपंचबाईंची खुर्ची

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

"पप्पा, घटनेची प्रास्ताविका पाठ करून काय होतं? गावात तर सगळं तसंच आहे," असं परवा तू फोनवर म्हणालीस. तेव्हा उत्तर सुचलं नाही, म्हणून लिहितोय.

देश 1947 ला सुटला, तरी आपला मराठवाडा निजामाकडेच राहिला. भारताच्या फौजेची पोलीस ॲक्शन झाली आणि 17 सप्टेंबर 1948 ला आपण मोकळे झालो. पुढच्या सोळा महिन्यांत घटना लागू झाली. रयतेची नागरिक होऊन आजी पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मत द्यायला गेली. निजाम हुजुरांचंही एकच मत अन् आजीचंही एकच!

पण त्याआधीची गंमत ऐक. मतदार यादी करणारा दारात आला, तर तिच्या सासूबाई म्हणाल्या, "लिहा, अमक्याची बायको." तशी नोंद चालत नव्हती. देशभरात सुमारे 28 लाख बायकांची नावं स्वतःचं नाव न सांगितल्यामुळे यादीतून गेली. आजीने पदराआडून का होईना, नाव सांगितलं. बाहेरच्या माणसापुढे पहिल्यांदाच, असं ती अजून सांगते.

आणि आता आपली 26 जानेवारीची ग्रामसभा. पंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या, बोर्डावर सरपंचबाईंचं नाव, खुर्चीत मात्र त्यांचे यजमान. बाई मागे सतरंजीवर. अंगणवाडीताई उठून म्हणाल्या, "सरपंच कोण हाय? त्यांनी पुढं यावं." हशा झाला. यजमान उठले, बाकावर टेकले, अन् चहा येईपर्यंत परत खुर्चीत! मी काय केलं? कपातल्या चहाकडे बघत बसलो. लाज वाटली, तुला सांगायला हरकत नाही.

बाबासाहेबांनी 25 नोव्हेंबर 1949 ला घटना समितीत बजावलंच होतं, की राजकारणात समता येईल, पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता राहील. तू म्हणतेस ते "तसंच" हेच. पण ताईंना "तू कोण विचारणारी?" असं कुणी म्हणू शकलं नाही बघ. आजीच्या सासूच्या काळात तो प्रश्न तोंडातूनही निघाला नसता.

1 मेच्या ग्रामसभेला आई येणार म्हणतेय. सतरंजीवर बसणार नाही, घरून खुर्ची नेणार, यावरून रोज वाद चाललाय. सुट्टी मिळाली तर ये. येताना आजीच्या गुडघ्याचं तेल विसरू नको.

तुझा,
पप्पा