बॅरिकेडवरची उडी आणि ५३६ कलमं

संपादक महोदय, स.न.वि.वि.

संसदेचं २०२५ चं पावसाळी अधिवेशन २१ ऑगस्टला संपलं आणि दोनच दिवसांत भाच्याचा फोन आला, मामा ते क्रिकेटच्या टीम लावायचं ॲप बंद पडलं, कायदा आलाय म्हणे, कधी आला? मी पहिल्या पानापासून छोट्या जाहिरातींपर्यंत पेपर वाचणारा माणूस, तरी मला पटकन सांगता येईना. मग रद्दीतले अंक काढून बसलो. ऑनलाइन गेमिंगचं बिल २० तारखेला लोकसभेत मांडलं, त्याच दिवशी पास, २१ ला राज्यसभेत पास, २२ ला राष्ट्रपतींची सही. तीन दिवसांत खेळ खलास! पैसे लावून खेळायचे गेम गेले त्याचं मला दुःख नाही, उलट बरं झालं, पोरं ४९-४९ रुपये करत किती घालवतात ते त्यांच्या आयांना विचारा. पण एवढा मोठा धंदा बंद करणारा कायदा आणि त्यावर धड चर्चाच नाही, हे काही पटलं नाही.

रद्दी काढलीच होती म्हणून मागचेही अंक चाळले. १२ ऑगस्टचा अंक बघा. पहिल्या पानावर अखिलेश यादव बॅरिकेडवरून उडी मारतायत तो फोटो, शेजारी राहुल गांधी पोलिसांच्या बसमध्ये. आणि ११ तारखेलाच, हे सगळे रस्त्यावर असताना, लोकसभेत नवीन आयकर बिल काही मिनिटांत आवाजी मतदानाने पास झालं. १९६१ चा कायदा जाऊन त्याजागी येणारं, ५३६ कलमांचं बिल! ती बातमी आतल्या पानावर, बोटभर. रिटर्न भरणाऱ्या प्रत्येकाशी संबंध असलेली गोष्ट आणि ती शोधायला मला चष्मा पुसावा लागला.

मतदार याद्यांबद्दलचा विरोधकांचा मुद्दा खोटा होता असं मी म्हणत नाही. बिहारच्या मसुदा मतदार यादीतून ६५ लाख नावं गेली आणि ती कारणांसकट जाहीर करा हे १४ ऑगस्टला सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं, म्हणजे विचारायला जागा होतीच. सरकारने त्यावर सभागृहात चर्चा दिली नाही, विरोधकांनी सभागृह चालू दिलं नाही. लोकसभेत १२० तास चर्चा ठरली होती, झाली ३७ तास, त्यातलाही बराचसा वेळ ऑपरेशन सिंदूरवर गेला. माझं स्पष्ट मत, हा गोंधळ सरकारच्या पथ्यावरच पडतो, कारण घोषणा चालू असल्या तरी बिलं काही थांबत नाहीत. फक्त प्रश्न विचारणारा कोणी उरत नाही.

२० तारखेचंच घ्या. पंतप्रधान, मुख्यमंत्री किंवा मंत्री गंभीर गुन्ह्यात सलग ३० दिवस कोठडीत राहिला तर पद जाणार, असं घटनादुरुस्तीचं बिल अमित शहांनी मांडलं, विरोधकांनी प्रती फाडल्या, कागद त्यांच्या दिशेने भिरकावले, टीव्हीवर रात्रभर तेच. पण त्याला दोन तृतीयांश मतं लागतात, सगळे हजर असले तर ३६० च्या वर, आणि एनडीएने २०२४ ला जिंकल्या २९३ जागा. म्हणजे जे बिल लगेच पास होण्यासारखं नव्हतं, संयुक्त संसदीय समितीकडेच (जेपीसी) जायचं होतं, त्याच्यावर सगळा दंगा, आणि जे गेमिंगचं बिल त्याच दिवशी लोकसभेत पास झालं ते बाजूला.

जाता जाता, लोकसभेला २०१९ पासून उपाध्यक्षच नाही. घटनेच्या कलम ९३ मध्ये लवकरात लवकर निवडा असं लिहिलंय, सतरावी लोकसभा पूर्ण पाच वर्षं तशीच गेली, अठरावीतही अजून खुर्ची रिकामी. तेव्हाचे उपराष्ट्रपती धनखड साहेबांनी २१ जुलैला राजीनामा का दिला यावर जेवढे रकाने खर्च झाले, त्यातला एक तरी या खुर्चीला मिळायला हरकत नव्हती.

तर विनंती एवढीच की पुढच्या अधिवेशनात रोज पहिल्या पानावर एक चौकट द्या, आज कुठलं बिल पास झालं, चर्चा किती मिनिटं झाली, महाराष्ट्रातले कोण बोलले. उडी मारल्याचा फोटो द्या हो, तोही बघायला आवडतो, पण चौकटीच्या खाली.

भाच्याचे वॉलेटमधले ३१२ रुपये परत मिळणार का, हेही कोणी सांगितलं तर बरं होईल, तो रोज विचारतोय.

आपला,
एक जुना वाचक, सातारा